वारकरी, चांदवा आणि बिचारा नंबॅट

ताई, तुमचा प्रश्न असा की शाळेतल्या 'नेहमीचे आणि दुर्मीळ प्राणी' तक्त्यात कूट पक्ष्याखाली चांदवा लिहायचं की वारकरी, आणि नंबॅटला, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या त्या छोट्या पट्टेरी प्राण्याला, 'पट्टेरी मुंगीखाऊ' म्हटलं तर चालेल का.

पहिलं सोप्पंय, दोन्ही नावं बरोबर. काळाकुट्ट पक्षी, पांढरी चोच आणि तिथून थेट कपाळावर चढलेला पांढरा डाग, कुणाला त्यात चंद्र दिसला, कुणाला टिळा. नाशिकच्या पोरांसाठी मी तर वारकरीच लिहीन, कारण पौषात इकडे निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दिंड्या येतात तेव्हा तिकडे नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर हे वारकरी पण थव्याने असतात. फक्त 'काळं बदक' नका लिहू प्लीज, बरेच जण म्हणतात तसं, पण हा पाणकोंबडीचा भाऊबंद, बोटांमध्ये बदकासारखा सलग पडदा नसतो, प्रत्येक बोटाला सुट्या पाळ्या असतात.

मुंगीखाऊ मात्र नकोच. एकतर त्या नावाने लांब सोंडेचा दक्षिण अमेरिकेतला प्राणी डोळ्यापुढे येतो, आणि दुसरं म्हणजे नंबॅट खातो ती वाळवी, दिवसाला वीस हजारापर्यंत! गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनी पण तीच गडबड केलीय, त्याचं शास्त्रीय नाव मिर्मेकोबियस, म्हणजे मुंग्यांवर जगणारा. मग वाळवीखाऊ म्हणा की, असं कुणी म्हणेल, पण वाळवी खाणारे प्राणी काय कमी आहेत का, आपलं खवले मांजर पण खातं.

मुळात रानातला नंबॅट मराठी माणसाच्या बघण्यातलाच नाही तर नाव ठेवणार कोण? खारीपेक्षा थोडा मोठा, पाठीवर पांढरे पट्टे, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ड्रायअँड्रा, पेरुप अशा मोजक्या जंगलांत उरलाय, कोल्हे आणि रानटी झालेल्या मांजरांनी वाट लावली. नंबॅट हा शब्द तिथल्या नूंगार लोकांचाच, म्हणजे रोज बघणाऱ्यांनीच ठेवलेलं नाव आहे. कांगारू आपण तिथल्या मूळ लोकांकडूनच इंग्रजीमार्गे घेतला आणि पचवला, मग हा पण घ्या तसाच.

आणि हो, गट लिहिताना 'शिशुधान प्राणी' लिहा, म्हणजे कांगारूसारखे, बहुतेक पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारे, विश्वकोशी शब्द आहे, पण कंसात 'पोटाला पिशवी नाही' हे टाकाच. नंबॅटच्या मादीला खरंच पिशवी नसते, पिल्लं नुसती आचळांना लटकून राहतात, आणि कुणीतरी चुणचुणीत पोरगी ते विचारणारच.