रिकॉलचं पत्र आलंय, पार्ट आलेला नाही. तोवर काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ट्रकच्या बॅटरीकडून स्टार्टरला (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला) जाणारी केबल चॅसीवर घासू शकते म्हणून कंपनीचं रिकॉलचं, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावण्याचं पत्र आलंय, पार्टला वेळ आहे, आणि मेकॅनिक म्हणतो टेप गुंडाळून देतो, बिनधास्त चालवा.

टेपवर भरवसा ठेवू नका. ट्रकमधल्या बहुतेक वायरी फ्यूजमधून जातात. स्टार्टरच्या जाड केबलला मात्र बहुधा फ्यूज नसतो, कारण मोठं डिझेल इंजिन फिरवताना तिच्यातून शेकडो अँपिअर जातात. चावी बंद असली तरी तिच्यात करंट असतोच. आवरण घासून तांबं चॅसीला टेकलं की करंटला अडवणारं मध्ये काहीच नाही. म्हणजे उभा, बंद ट्रकसुद्धा पेटू शकतो. म्हणून पत्र पुन्हा नीट वाचा. ‘चालवू नका’ लिहिलंय, की ‘इमारतीपासून दूर, उघड्यावर उभा करा’? दोन्ही सूचना वेगळ्या आहेत आणि दोन्ही शब्दशः पाळायच्या.

‘केबल आणि चॅसीत बोटभर जागा आहे की’ हे ऐकून थांबू नका. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. चालू-बंद होताना ते चांगलंच हलतं. उभ्या गाडीत दिसलेली जागा तेव्हा उरेलच असं नाही. आवरणावर चकाकणारा पट्टा किंवा चॅसीचा रंग उडालेला दिसला, तर घासणं सुरू झालंय. फोटो काढा, डीलरला पाठवा आणि गाडी उभी ठेवा.

दुसरा प्रकार जास्त फसवा, म्हणजे सैल किंवा गंजलेला जोड. तिथे शॉर्ट होत नाही, करंट वाढत नाही, त्यामुळे फ्यूज असला तरी उडत नाही. हिशेब बघा: जोडात ०.०१ ओहम इतकाच रोध आला आणि अल्टरनेटरचे (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे) १०० अँपिअर त्यातून गेले, तर व्होल्टेज १ व्होल्टने पडेल आणि त्या एका नटाशी १०० वॅट उष्णता तयार होईल. शेजारचं प्लास्टिक वितळायला तेवढी पुष्कळ झाली. अशा रिकॉलमध्ये नट ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या मोजून दिलेल्या जोराने) आवळण्याचं काम असतं. ते पाहायला किरकोळ वाटतं, पण टाळू नका.

बॅटरी कट-ऑफ स्विच असेल तर मुक्कामाला तो बंद करा. मात्र इंजिन चालू असताना कधीच नाही. अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळून कंट्रोल युनिट जाऊ शकतं. धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची टाकी असलेल्या गाडीत इंजिन बंद केल्यावरही पंप काही वेळ नळ्या रिकाम्या करत असतो. तो थांबू द्या. आणि बॅटरीपासून स्विचपर्यंतच्या तुकड्यात, तसंच स्विचला वळसा घालून गेलेल्या वायरींत करंट राहतोच. घासणारी जागा नेमकी तिथेच असेल तर स्विचचा काही उपयोग नाही. मग बॅटरीचं टर्मिनलच काढा, आधी मायनसचं.

जुनी गाडी घेतलेल्यांनी पत्राची वाट पाहत बसू नये, ते आधीच्या मालकाकडे गेलेलं असू शकतं. १७ अक्षर-अंकी चॅसी नंबर टाकून कंपनीच्या साइटवर तपासा. मॉडेल आणि वर्ष तेच असूनही शेजारच्याची गाडी रिकॉलमध्ये नसू शकते, कारण यादी कारखान्यातल्या ठरावीक काळातल्या उत्पादनाची असते. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: बॉडी बांधणाऱ्याने नंतर ओढलेल्या वायरी चॅसीच्या कंपनीच्या रिकॉलमध्ये येत नाहीत. लिफ्टगेट (माल चढवायची मागची उचलती फळी), जादा दिवे, कॅबिनमधला इन्व्हर्टर हे सगळं वेगळं तपासून घ्या. बॅटरीवरून थेट घेतलेल्या अशा प्रत्येक वायरीला बॅटरीजवळच फ्यूज हवा.

आधीच स्वखर्चाने केबल बदलली असेल तर बिल जपून ठेवा. अमेरिकेत रिकॉलआधीच्या अशा दुरुस्तीचा खर्च परत देण्याची योजना कंपनीला ठेवावीच लागते. इतरत्र पत्रात तसं कलम आहे का ते बघा. नसलं तरी डीलरकडे लेखी मागा.