स्टार्टर बदलण्याआधी स्विच बघा

गाडीची चावी फिरवली की नुसती शांतता, आणि लगेच नवा स्टार्टर (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) घ्यायचा विचार? जरा थांबा. नवशिके बहुतेक इथेच पैसे घालवतात.

आधी हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे एकदम मंदावले तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या सैल, गंजलेल्या टर्मिनलवर. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) असेल तर बघा: गाडी काही तास उभी असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. दिवे तसेच प्रखर राहिले आणि ‘टक्’ असा आवाजही आला नाही, तर स्टार्टरपर्यंत हुकूमच पोचत नसावा. मग सेफ्टी स्विच तपासा: गिअर, क्लच किंवा ब्रेक योग्य स्थितीत नसेल तर हे गाडी सुरू होऊ देत नाहीत. हँडब्रेक ओढलेला हवाच.

- ऑटोमॅटिक: पी (पार्क) ऐवजी एन (न्यूट्रल) मध्ये टाकून बघा. सुरू झाली तर गिअरच्या सेफ्टी स्विचवर पहिला संशय.
- मॅन्युअल, क्लच दाबूनच सुरू होणारी: क्लच पूर्ण खाली जातोय ना? कधी मॅटच पेडलखाली अडकते. पेडलवरचा छोटा प्लास्टिकचा तुकडा तुटून पडला तरी स्विच दाबला जात नाही. खाली तुकडे दिसतात का बघा.
- पुश बटण: ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागतात का? नसतील लागत, तर ब्रेकचा स्विच बघा.

यातलं काहीच नसेल तर फ्यूज, रिले (स्टार्टरला वीज जोडणारा, विजेवर चालणारा स्विच) आणि मग इग्निशन स्विच (चावीने फिरणारा) बघा.

एक मात्र करू नका: वायर जोडून सेफ्टी स्विच कायमचा बाद करणं. गिअरमध्ये असलेली गाडी चावी फिरवताच उडी मारते. स्विच बहुधा स्टार्टरपेक्षा बराच स्वस्त असतो, सरळ बदला. वायरिंग डायग्रामच्या भानगडीत आत्ताच पडू नका.