नदीवरच्या लाकडी कारखान्यात जपण्यासारखं काय?

प्रश्न : मुलीकडे व्हँकुव्हरला गेलो होतो, तेव्हा जवळच्या स्टीव्हस्टन गावात ‘गल्फ ऑफ जॉर्जिया कॅनरी’ पाहिली. फ्रेझर नदीच्या काठी खांबांवर उभं असलेलं एक अवाढव्य लाकडी गोदाम. सरकारने ते एवढं जपावं असं त्यात काय आहे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : रत्नागिरीजवळ आमरसाच्या कॅनिंग कारखान्यात मी सात हंगाम तपासणीला होते. ८५० ग्रॅमचे डबे निवले की झाकणावर टिचकी मारायची. आवाज बसका आला की तो डबा बाजूला. ती शेड आता पाडली. बायका कुठे बसून आंबे सोलायच्या, वाफेची नळी कुठून यायची, हे दाखवायला काहीच उरलं नाही. म्हणूनच स्टीव्हस्टनची इमारत मी दोन दिवस हिंडून पाहिली.

गोदाम नाही हो ते, मासे डबाबंद करण्याचा १८९४ सालचा कारखाना आहे. नदीवर बांधला कारण भरती असो की ओहोटी, सामन माशांनी भरलेल्या नावा थेट फळ्यांशी लागत. मासा आत आला, की डोकी-आतडी जमिनीतल्या फटीतून खाली पाण्यात जात. नदीची त्यात काय दशा होत असेल! १८९७ साली इथे २५ लाखांहून जास्त डबे भरले गेले.

तिथे कुणी कुठे उभं राहायचं हे ठरलेलं होतं. मासा कापायला आणि टिनपत्र्याचे डबे झाळायला चिनी पुरुष, धुवायला आणि भरायला तिथल्या मूळ रहिवासी जमातींच्या बायका. कित्येकींची तान्ही मुलं जवळच असायची. होड्यांवर जपानी कोळी मोठ्या संख्येने होते. चिनी कामगारांना आणणारा ठेकेदार म्हणजे आपल्या ऊसतोडीच्या मुकादमाचाच भाऊ : आधी उचल द्यायची, कारखान्याकडून डब्यांच्या पेटीमागे पैसे घ्यायचे. हंगामात मासा कमी आला तर झळ मजुरालाच.

१९०५च्या सुमारास मासा कापणारं यंत्र निघालं. ते बाजारात विकलं जाई चिन्यांना हिणवणाऱ्या नावाने. ज्याच्या हातातलं काम काढून घेतलं, त्याचीच शिवी यंत्राला. पुढे १९४२ साली जपानी वस्तीलाही किनाऱ्यावरून हुसकावलं, त्यांच्या नावा तर त्याआधीच जप्त केल्या होत्या. हे सगळं पुस्तकात वाचता येतं, पण ओल्या फळ्यांवर दहा-दहा तास उभं राहणं म्हणजे काय, ते त्या थंडगार जागेतच कळतं.

आंबा आंबट, त्याचा डबा उकळत्या पाण्यात तयार होतो. माशाला दाबाखालची वाफ लागते, नाहीतर विषबाधेचा धोका. त्यामुळे तिथल्या रिटॉर्टपुढे, म्हणजे दाबाच्या वाफेत डबे शिजवणाऱ्या मोठ्या पात्रापुढे, मी बराच वेळ थांबले. पूर्वी तिथेही डबे ठोकून, आवाज ऐकून पारखत. ते कळल्यावर मला भरून आलं.

कारखाना १९७९ साली थांबला आणि १९९४ साली, बरोबर शंभर वर्षांनी, लोकांसाठी उघडला. पुढच्या खेपेला ओहोटीची वेळ विचारून जा. पाणी उतरलं की धक्क्यावरून इमारतीखालचे खांब नीट दिसतात.