गणितातल्या ग्रुपवर (एकामागून एक करता येणाऱ्या आणि उलटवता येणाऱ्या क्रियांचा संच) तीच यादृच्छिक पायरी पुन्हा पुन्हा घेतली, तर शेवटी वितरण एकसमान होतं का?

नेहमीच नाही. ग्रुप कॉम्पॅक्ट (ढोबळमानाने, मर्यादित आवाक्याचा: सांत किंवा वर्तुळासारखा) असेल तर मात्र उत्तर जवळजवळ ‘हो’ आहे. कवादा आणि इतो (स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस, म्हणजे यादृच्छिक प्रक्रियांचं कलन, ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते इतो हेच) यांनी 1940 मध्ये ते सिद्ध केलं: पायरीचं संभाव्यता-माप (कोणती पायरी किती शक्य) पूर्ण ग्रुपाहून लहान अशा एखाद्या बंद उपग्रुपात (ग्रुपाच्या आतला ग्रुप) अडकलेलं नसेल आणि अशा लहान बंद नॉर्मल उपग्रुपाच्या (डावीकडून-उजवीकडून सरकवला तरी प्रत तीच येते असा) एकाच कोसेटमध्येही (सरकवलेल्या प्रतीत) बसत नसेल, तर त्याचे कन्व्होल्यूशन-घात (n पायऱ्यांनंतरची वितरणं) हार मापाकडे, म्हणजे ग्रुपवरच्या एकसमान वितरणाकडे, जातात.

दुसरी अट लोक विसरतात, आणि खरी मेख तिथेच आहे. 52 पत्ते घ्या, दर वेळी कुठल्याही दोन वेगळ्या पत्त्यांची अदलाबदल करा. सगळे क्रम गाठता येतात, म्हणजे पहिली अट पाळली जाते. तरीही सम पायऱ्यांनंतर क्रमचय (पत्त्यांची फेरमांडणी) समच, म्हणजे सम संख्येच्या अदलाबदलींनी बनणारा, विषम पायऱ्यांनंतर विषमच; प्रत्येक पायरी सम क्रमचयांच्या उपग्रुपाच्या एकाच कोसेटमध्ये बसते. हा झुलता कंदील कधीच स्थिरावत नाही! दोन्ही हातांनी स्वतंत्रपणे पत्ता निवडला, तर 52 पैकी एकदा तोच पत्ता हाती येतो, काही बदलत नाही आणि तिढा सुटतो. मग साधारण 100 अदलाबदलींत गड्डी नीट मिसळते.

वर्तुळावर ठरावीक अपरिमेय कोनाने फिरत राहिलात तर घात भटकतच राहतात. त्यांची सरासरी मात्र हार मापाकडे जाते.

कॉम्पॅक्ट नसेल तर? पूर्णांकांवर नाणेफेकीने एक-एक पाऊल टाका: 100 पावलांनंतर शून्यावर असण्याची शक्यता सुमारे 8 टक्के, पुढे ती घटतच जाते. वस्तुमान अनंताकडे निसटतं; तिथे एकसमान संभाव्यता-माप मुळात नाहीच.