वीज नसलेल्या घरात थंडीत ऊब कशी आणावी?

पानशेतच्या पुढे डोंगरात घर आहे, लाइन आलेली नाही, सोलरवर रूम हीटर चालेल का, असा प्रश्न आहे. नाही, त्यात पैसे घालू नका. 1000 वॉटचा हीटर सहा तास चालला की 6 युनिट जातात. 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या लेड-ॲसिड बॅटरीत जेमतेम 1.8 युनिट असतात, आणि ती टिकवायची तर निम्मेच वापरायचे. म्हणजे एका रात्रीला सात बॅटऱ्या!

आधी छत बघा. पत्र्याखाली 50 मिमी रॉकवूल (दगडाच्या तंतूंची, ऊब धरून ठेवणारी लोकर) आणि त्याखाली सिमेंट बोर्डचं सीलिंग करा. पत्रा आणि भिंतीमधली फट बुजवा. बहुतेक ऊब तिथूनच निसटते.

मग बंद दाराची लोखंडी शेगडी, 6 इंची धुराडं शक्यतो सरळ वर, आढ्यापेक्षा दोन फूट उंच. वाकवलेल्या पाइपात ओढ कमी होते आणि धूर घरात परततो. लाकूड बाभळीचं, फोडून निदान सहा महिने आडोशाला वाळवलेलं. ओलं जाळलं की धुराड्यात डांबरासारखा थर बसतो, तो पेट घेतो. दर हंगामात ब्रशने साफ करा.

बाहेरून हवा यायला एक झरोका उघडा हवाच. आणि कोळशाची उघडी शेगडी किंवा घमेलं घेऊन बंद खोलीत कधीही झोपू नका: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. झोपताना अंथरुणात गरम पाण्याची पिशवी पुरते.