डॉक्युमेंटेशन उघडायची लाज

"मॅडम, डॉक उघडलं की घड्याळ पळतं, नाही उघडलं तर हात चालत नाही." सीसीआयई लॅबची, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्क तज्ज्ञांसाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेची, तयारी करणारी मंडळी माझ्याकडे समुपदेशनाला आली की फिरून फिरून इथेच येतात. परीक्षा आठ तासांची: तीन तास डिझाइन, पाच तास प्रत्यक्ष कॉन्फिगरेशन. सिस्कोचं डॉक्युमेंटेशन (म्हणजेच 'डॉक', कमांड्सची माहितीपानं) हाताशी असतं, पण त्यात सर्च चालत नाही.

हिंजवडीत नेटवर्क सांभाळणारा एक जण एकदा नापास होऊन आला. (ओळखीचे तपशील बदललेत.) तीन बैठका त्याने नुसत्या कमांड्स ऐकवल्या. चौथ्या बैठकीत मी विचारलं, "रात्री दोनला लिंक पडली आणि कमांड आठवेना, तर काय करता?"

"डॉक उघडतो."

"लाज वाटते?"

"छे! पण परीक्षेत... शाळेत पुस्तक उघडलं की वर्गाबाहेर काढायचे."

बोलला आणि स्वतःच गप्प झाला. मीही पंख्याकडे बघत राहिले. घाईने काही बोलले असते तर तो क्षण हातचा गेला असता. एवढं आता जमतं मला. त्याचा वेळ डॉक खातच नव्हतं. 'सगळं पाठ असलंच पाहिजे' हा हट्ट खात होता. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतली, त्यामुळे हा 'च' मला लांबूनही ऐकू येतो.

पुढच्या वेळी लॅपटॉप आणायला लावला. "सर्च न करता डीएमव्हीपीएन फेज थ्रीचं पान काढा." डीएमव्हीपीएन म्हणजे शाखांना जोडणारं खासगी जाळं, एवढं त्यानेच सांगितलेलं. तो थेट डॉकच्या रूटिंग विभागात शिरला. डीएमव्हीपीएनचा गाइड निघाला सिक्युरिटी-व्हीपीएनखाली, त्याला लागणाऱ्या एनएचआरपी प्रोटोकॉलचा आयपी ॲड्रेसिंगखाली. हबवर (मधल्या राउटरवर) 'रीडायरेक्ट', स्पोकवर (शाखेच्या राउटरवर) 'शॉर्टकट', एवढ्या दोन कमांड्ससाठी नऊ मिनिटं! मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण घड्याळ कळतं.

मग महिनाभर त्याने कमांड्सऐवजी डॉकमधल्या वाटा पाठ केल्या. ओएसपीएफ, बीजीपी हे रूटिंगचे प्रोटोकॉल रोजचे, ते बोटांत हवेत. क्वचित लागणारं डॉकमधून घ्यायचं, तेही गाइडमधली उदाहरणं आधी बघून. कीवर्डचा अर्थ अडला तरच कमांड रेफरन्स, म्हणजे कमांड्सचा कोश. कमांडचं नुसतं शेपूट विसरलं तर प्रश्नचिन्ह टाइप करायचं, राउटरच सांगतो. तीन मिनिटांत सापडलं नाही तर खूण करून पुढे.

परीक्षेच्या संध्याकाळी बंगळूरहून त्याचा फोन आला. पेपरात काय होतं ते सांगायला मनाई, म्हणून एवढंच म्हणाला, "चार वेळा उघडलं, मॅडम. एकदा तीन मिनिटं झाली, बंद केलं."

"आणि निकाल?"

"तो यायचाय. आधी जेवतो."