तुम्ही विचारलंत : चित्रकार आणि माणसाचं शरीर

माझी मुलगी यंदा मुंबईला आर्ट कॉलेजला लागली. परवा फोनवर सहज बोलून गेली की पुढे वर्गात कपड्यांशिवाय बसलेल्या मॉडेलवरून चित्रं काढायची असतात. सासूबाईंना कळल्यावर काय होईल ते होईल, पण माझ्याच पोटात गोळा आलाय. हे खरंच गरजेचं असतं का? – एक आई, सातारा

ताई, माझ्या आईचंही अगदी हेच झालं होतं, त्यामुळे तुमचा गोळा मला कळतो. माझा पहिला लाइफ स्टडीचा वर्ग अजून डोळ्यांसमोर आहे. मॉडेल पन्नाशीच्या एक बाई होत्या, त्या प्लॅटफॉर्मवर उभ्या राहिल्या, सरांनी खडूने त्यांच्या पावलांभोवती रेघ मारली म्हणजे मधल्या सुट्टीनंतर पाय बरोबर त्याच जागी ठेवता येतील, आणि आम्ही सगळे मान खाली घालून चारकोलला टोक करत बसलो, वर बघायची कुणाची हिंमत होईना. दहा मिनिटांनी सर माझ्यामागे येऊन एवढंच म्हणाले, नाक-डोळे राहू दे, आधी वजन कुठल्या पायावर आहे ते शोध. मग मी बघितलं तर डावी टाच घट्ट टेकलेली, त्या बाजूचं कंबरेचं हाड वर आलेलं, त्याच बाजूचा खांदा मात्र खाली उतरलेला, आणि विसाव्या मिनिटाला पोटरी बारीक थरथरायला लागलेली. त्या क्षणी लाज गेली ती गेलीच, कारण समोर एक बाई स्वतःचं वजन पेलत उभी आहे आणि हे काम किती कष्टाचं आहे ते दिसलं. पोझ संपल्यावर त्यांनी अंगावर चादर घेतली आणि डब्यातली पोळी खाल्ली, आम्ही त्यांना पाणी आणून दिलं.

तर हो, गरजेचं असतं. पुढे तुमची मुलगी साडीतली बाई काढेल, नाहीतर ॲनिमेशनमध्ये जाईल, तरी कापडाच्या आत शरीर कसं वळतंय हे माहीत नसेल तर ते कापड नुसतं हँगरला टांगल्यासारखं दिसतं. सासूबाईंना तुम्हीच सांगा, आणि मुलीची स्केचबुक आल्यावर त्यांच्या हातात द्या.

इन्स्टावर लुसियन फ्रॉइड आणि जेनी सॅव्हिल यांची चित्रं बघितली. एवढे मोठे चित्रकार आणि सगळी शरीरं जाडजूड, सुटलेली, डागाळलेली. अजिंठ्याच्या लेण्यांतली माणसं बघा किती सुंदर आहेत. ह्यांना सौंदर्य दिसतच नाही का? – नाशिकहून एक वाचक

तुमचा प्रश्न मला फार आवडला कारण अजिंठा मलाही तितकाच प्रिय आहे, पण तिथे चित्रकार एक आदर्श शरीर काढत होता आणि ह्या दोघांना आदर्श नकोच आहे, त्यांना समोर बसलेलं एकच विशिष्ट माणूस हवंय.

फ्रॉइड १९२२ साली बर्लिनमध्ये जन्मला, लहानपणीच घरच्यांबरोबर लंडनला आला आणि २०११ मध्ये तिथेच वारला. मनोविश्लेषणवाल्या सिग्मंड फ्रॉइडचा नातू. तरुणपणी तो बसून, बारीक मऊ ब्रशने, अगदी गुळगुळीत रंगवायचा. १९५० च्या दशकात त्याने डुकराच्या केसांचे राठ ब्रश घेतले, उभा राहून काम सुरू केलं आणि पुढे क्रेम्निट्झ व्हाइट नावाचा शिसं असलेला जड पांढरा वापरायला लागला, तो कॅनव्हासवर रवाळ बसतो, थरावर थर चढतो, म्हणून त्याची कातडी रंगवलेली वाटत नाही, साचत गेलेली वाटते. एकेका चित्रासाठी माणसं महिनोन्महिने येऊन बसायची. १९९५ मधलं त्याचं गाजलेलं चित्र आहे ना, जुन्या फुलाफुलांच्या सोफ्यावर झोपलेली बाई, ती सू टिली, लंडनच्या सरकारी रोजगार कार्यालयात नोकरीला होती. ते चित्र मोठं करून नुसत्या पोटाकडे बघा. त्यात गुलाबी आहे, हिरवट आहे, राखाडी आहे, सोफ्यावर वजन टेकतं तिथे लालसर आहे. इतकं बारकाईने कुणी आपल्या राजाराणीकडेसुद्धा बघितलं नसेल. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते ३.३६ कोटी डॉलरला गेलं, हयात चित्रकाराच्या कामाला तोवर तेवढी किंमत कधीच आली नव्हती, पण किंमत मी फक्त एवढ्यासाठी सांगतेय की हे चित्र कुणी टाकून दिलेलं नाहीये.

सॅव्हिलचा मुद्दा वेगळा आणि मला विचाराल तर जास्त धारदार. तिचा जन्म १९७० चा, शिक्षण ग्लासगोला. १९९२ मध्ये, म्हणजे जेमतेम बावीस वर्षांची असताना, तिने 'प्रॉप्ड' काढलं, सात फुटी कॅनव्हास, उंच स्टुलावर बसलेली नग्न बाई, गुडघे आपल्या अंगावर येतील इतके पुढे, आणि तिची बोटं तिच्याच मांड्यांत रुतलेली. ती बोटं बघा. आपल्यापैकी किती बायकांनी आरशासमोर स्वतःची मांडी अशी चिमटीत धरलीय! नंतर ती न्यूयॉर्कला एका प्लास्टिक सर्जनची ऑपरेशनं बघायला जायची, कातडी ओढतात, कापतात, चरबी काढतात म्हणजे नेमकं काय होतं हे समजून घ्यायला. जाहिराती आपल्याला बाईचं जे शरीर दाखवतात त्याच्यासमोर तिने खरं वजन आणून बसवलंय. चित्र बघून अस्वस्थ वाटतं, मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. सौंदर्य दिसत नाही असं म्हणण्याआधी दहा मिनिटं त्या चित्रासमोर थांबा एवढीच विनंती.

एका छोट्या कॅफेत मित्राच्या न्यूड ड्रॉइंगचं प्रदर्शन लावायचंय. कायद्याची अडचण येईल का? – पुणे

मी वकील नाही, त्यामुळे एकदा वकिलाला विचाराच. दोन गोष्टी माहीत असू द्या. १९५४ मध्ये चित्रकार अकबर पदमसींनी मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत पहिलं एकल प्रदर्शन लावलं तेव्हा जोडप्याची चित्रं काढून टाका असं पोलिसांनी सांगितलं, त्यांनी नकार दिला, अटक झाली, खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. सत्तर वर्षांनी पुन्हा तेच! पदमसी आणि आपल्या गोव्याच्या साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा, ह्या दोघांची परदेशातून आणलेली सात कामं मुंबईत कस्टम्सने अश्लील म्हणून जप्त केली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. नग्न म्हणजे आपोआप अश्लील असं नाही, हे कोर्टानेच सांगितलंय. तरी कॅफेत लहान मुलं येतात, तेव्हा आत काय आहे ते दाराशी स्पष्ट लिहून ठेवा.

मी ठाण्यात राहतो, वय ६१, नुकताच रिटायर झालो. माणसं काढायची फार इच्छा आहे पण मॉडेल कुठून आणू? आणि आपल्या जवळचं कुणाचं काम बघू?

काका, तुम्ही ठाण्यात राहून हे विचारताय म्हणजे मला आधी सुधीर पटवर्धनांचंच नाव घ्यायला हवं. जन्म १९४९ चा, पुण्याचे, शिकले डॉक्टरकी, आणि ठाण्यात १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम केलं. दिवसा एक्सरे आणि उरलेल्या वेळात कॅनव्हास. त्यांची माणसं बहुतेक कपड्यांतच असतात, कामगार, लोकलचे प्रवासी, इराण्याकडे बसलेले, पण तरी मी त्यांना शरीराचाच चित्रकार म्हणते, कारण शर्टाच्या आत थकलेला खांदा कसा लोंबतो, हात रिकामा असला तरी बोटं अजून काहीतरी धरल्यासारखी कशी राहतात हे त्यांच्याकडे बघायला मिळतं. १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' प्रदर्शनात भूपेन खख्खर, नलिनी मलानी, गुलाममोहम्मद शेख वगैरेंबरोबर तेही होते. अमूर्त चित्रांचा जोर असताना ह्या मंडळींनी माणसाला परत चित्राच्या मधोमध आणून बसवलं. पटवर्धनांची चित्रं बघून मग ठाणे स्टेशनच्या पुलावर उभे राहा, आधी बघितलेलीच माणसं भेटतील.

आणि मॉडेल तुमच्या घरातच आहे. तुमचा डावा हात. रोज सकाळी चहाआधी पंधरा मिनिटं, साधी पेन्सिल, खोडरबर लांब ठेवा. कधी कप धरलेला काढा, कधी मांडीवर सैल टाकलेला, नखं आणि शिरा सगळ्यात शेवटी. महिन्याभराने दुपारी झोपलेल्या काकूंना काढायला घ्या, त्यांना आधी विचारून. झोपलेलं माणूस हलतं, कूस बदलतं, तेव्हा अर्धवट राहिलेलं चित्र फाडू नका, त्याच पानावर शेजारी दुसरं सुरू करा आणि कोपऱ्यात तारीख टाका.